गिटारची पेडलं घरच्या ऑडिओ इंटरफेसला कशी जोडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर अशा सगळीकडून गिटार वाजवणाऱ्यांचे हेच प्रश्न येत राहतात. बहुतेकांकडे सामानही सारखंच असतं: एक इलेक्ट्रिक गिटार, दोन-चार पेडलं (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालू-बंद करायच्या डब्या) किंवा एखादा मल्टिइफेक्ट (असे बरेच इफेक्ट एकाच यंत्रात), दोन इनपुटचा इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) आणि लॅपटॉप. सामान चांगलं असतं, जोडणी चुकलेली असते. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत मी एकच गोष्ट तपासायला सांगणार आहे: या जॅकमधून बाहेर येणारा सिग्नल कुठल्या पातळीचा आहे आणि समोरच्या जॅकला कुठल्या पातळीचा हवा आहे. काहीही नवीन विकत घेण्याआधी हे बघा.

अ‍ॅम्प नसेल तर पेडलं थेट इंटरफेसला जोडता येतात का?

येतात. गिटारची केबल पहिल्या पेडलच्या इनपुटला, शेवटच्या पेडलच्या आउटपुटमधून दुसरी केबल इंटरफेसच्या पाव इंची जॅकला. यात काहीही बिघडत नाही. फक्त अ‍ॅम्प आणि त्याचा स्पीकर आवाजाला जो आकार देतात तो इथे मिळत नाही. त्याचं काय करायचं ते पुढे डिस्टॉर्शनच्या प्रश्नात आहे.

इंटरफेसवर ‘इन्स्ट’ आणि ‘लाइन’ असं बटण आहे. कुठे ठेवायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘इन्स्ट’ म्हणजे इन्स्ट्रुमेंट, थेट गिटारसाठी; ‘लाइन’ म्हणजे दुसऱ्या यंत्रातून येणाऱ्या मोठ्या सिग्नलसाठी.

गिटारच्या साध्या, म्हणजे बॅटरी नसलेल्या पिकअपचा रोध मीटर लावून मोजलात तर साधारण ६ ते १५ किलोओहम दिसतो. पण पिकअप म्हणजे बारीक तारेच्या हजारो वेढ्यांची कॉइल. आवाजाची पट्टी जसजशी वर जाते तसतसा तिचा अडथळा वाढत जातो. अशी कॉइल १० किलोओहमच्या आसपासच्या लाइन इनपुटला जोडली की सिग्नलचा मोठा भाग वाटेतच संपतो, आणि आधी जातात ते वरचे सूर. तारेवर पिक लागल्याचा तो स्वच्छ ‘टक’ नाहीसा होतो. इन्स्ट इनपुट साधारण १ मेगाओहमचा असतो. तो पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढून घेत नाही, त्यामुळे गिटार जशी आहे तशी ऐकू येते. काही इंटरफेसवर याच इनपुटला ‘हाय-झेड’ म्हणतात, कुठे नुसतं गिटारचं चित्र असतं.

आता मध्ये पेडलं आली की काय होतं? बॉसच्या छोट्या पेडलांमध्ये बफर असतो. पेडल पायाने बंद केलं तरी तो चालू राहतो आणि सिग्नल पुढे ढकलायचं काम करतो. अशा पेडलनंतर लाइन इनपुट दिला तरी वरचे सूर मरत नाहीत, फक्त सिग्नल थोडा लहान वाटतो. पण तुमची सगळी पेडलं ट्रू बायपास असतील, तर ती बंद असताना गिटार सरळ इंटरफेसलाच लागलेली असते. म्हणून माझा सल्ला असा: पेडलांची रांग असेल तर इन्स्ट. मल्टिइफेक्ट असेल आणि त्याचं आउटपुट लाइन पातळीवर ठेवलेलं असेल तर लाइन. इन्स्टवर गेन (येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) पूर्ण खाली आणूनही लाल दिवा लागत असेल तर लाइन.

खात्री करायची असेल तर सगळी पेडलं बंद करा, गिटारचा टोन नॉब पूर्ण उघडा आणि सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवा. बटण इन्स्टवरून लाइनवर टाका. आवाज कमी होण्याबरोबर तारेवर गोधडी टाकल्यासारखा दबला, तर तुम्हाला इन्स्टच हवं.

केबल किती लांब चालेल?

घरात तीन मीटर पुरते. गिटारच्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडच्या आसपास असते आणि केबल लांबत गेली की वरचे सूर कमी होत जातात. पहिल्या बफरपर्यंतची लांबी सांभाळा, पुढे फारसा फरक पडत नाही.

गेन किती ठेवायचा?

रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा आणि सगळ्यात जोरात वाजवलेला फटका मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास जाऊ द्या. टेपच्या काळातली ‘मीटर वरपर्यंत भरला पाहिजे’ ही सवय इथे उपयोगाची नाही. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे, शून्याच्या वर मात्र अजिबात नाही. तिथे आवाज फाटला की तो परत शिवता येत नाही.

गेन लावताना सगळ्यात मोठा आवाज करणारं पेडल चालू ठेवा. बरेच जण क्लीन आवाजावर गेन लावतात, मग सोलोसाठी बूस्ट दाबतात आणि नेमका सोलोच फाटतो. डिस्टॉर्शनचं उलट असतं: ते सिग्नल दाबून सपाट करतं, त्यामुळे कानाला जोरात वाटलं तरी मीटर फार उडत नाही. तेव्हा निर्णय मीटर बघून घ्या.

सगळं बरोबर जोडलं, तरी डिस्टॉर्शन डासांच्या भणभणीसारखं का वाटतं?

कारण मध्ये स्पीकर नाही. गिटार अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. डिस्टॉर्शन पेडल मात्र त्याच्या वर कितीतरी हार्मोनिक्स तयार करतं. अ‍ॅम्पमधून वाजवताना स्पीकर ती कर्कश बाजू आपोआप कापत असतो. थेट इंटरफेसमध्ये दिलं की ती सगळीच्या सगळी हेडफोनमध्ये येते. पेडल खराब असल्याची जी तक्रार येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय म्हणजे कॅबिनेट सिम्युलेशन. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर, चालवणारं प्लगिन टाका आणि त्यात स्पीकर कॅबिनेटची आयआर फाइल उघडा. ही एक छोटी ऑडिओ फाइल असते. एखादा स्पीकर आणि त्यासमोरचा माइक मिळून आवाज कसा बदलतो, ते तिच्यात साठवलेलं असतं. तुमचं पेडल नुसतं ओव्हरड्राइव्ह असेल तर कॅबिनेटच्या आधी अ‍ॅम्प सिम्युलेशनही हवं. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट आहे आणि खरोखर चांगलं आहे. पैसे खर्च करण्याआधी ते जरूर वापरून बघा. आत्ता हाताशी काहीच नसेल तर सॉफ्टवेअरच्या इक्यूमध्ये लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टीच्या वरचं कापणारा, ५ किलोहर्ट्झच्या आसपास लावा. स्पीकरची जागा तो घेणार नाही, पण कानाला त्रास होणार नाही.

एक काळजी घ्या. मल्टिइफेक्टमध्ये कॅबिनेट चालू आणि लॅपटॉपमध्येही चालू, असं झालं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा बसतो. कॅबिनेट एकाच ठिकाणी ठेवा.

पेडलांचा क्रम काय असावा?

ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, मग कोरस-फेझर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. हा क्रम मोडला म्हणून कोणी रागावणार नाही. दोन गोष्टींना मात्र नक्की कारण आहे. फझ फेससारखा जुन्या धाटणीचा फझ गिटारच्या लगेच पुढे ठेवा. त्याला पिकअप थेट लागलेला हवा असतो, मध्ये बफर आला की तो रागीट आणि पातळ वाजतो, शिवाय गिटारचा व्हॉल्यूम नॉब कमी केल्यावर आवाज जसा निवळायला हवा तसा निवळत नाही. दुसरं, अ‍ॅम्प सिम्युलेशन लॅपटॉपमध्ये असेल आणि त्यात बराच गेन असेल, तर डिले आणि रिव्हर्बही लॅपटॉपमध्येच, अ‍ॅम्पच्या नंतर वापरा. नाहीतर प्रत्येक प्रतिध्वनी डिस्टॉर्ट होऊन सुरांवर सूर चढतात.

हम येतो. ‘हंऽऽऽ’ असा सतत आवाज. काय करू?

आधी तो कुठून येतोय ते शोधायचं, मग उपाय. घाईघाईने नॉइज गेट लावू नका. गेट फक्त तुम्ही वाजवत नसताना हम लपवतं, सूर चालू असताना तो मागे असतोच.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. जाडसर घुमणारा आवाज बहुधा ५० हर्ट्झचा असतो. त्यापेक्षा चिरका, १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला बझ असेल तर पॉवर सप्लाय, रेग्युलेटर किंवा दिवा यांवर संशय घ्या. शोधायची पद्धत अशी. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर तो पिकअपमधून येत होता, राहिला तर पुढच्या साखळीत आहे.

पिकअपमधून येत असेल तर गिटार हातात घेऊन खुर्चीतच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला हम जवळजवळ नाहीसा होईल. सिंगल कॉइल पिकअप असलेल्या गिटारला हे लागूच असतं, हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, मुळात याच्यासाठीच निघाला. मग लॅपटॉपपासून एक हातभर दूर सरका आणि पंखा बघा. गोल फिरणारा, मध्ये पायऱ्या नसलेला रेग्युलेटर ट्रायॅकवर चालतो. तो विजेची लाट कापून पंख्याचा वेग कमी करतो आणि त्या कापाकापीचा बझ गिटारमध्ये येतो. पंखा पूर्ण वेगावर टाका किंवा टेक घेताना बंद करा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण फरक लगेच ऐकू येतो. खटखट पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला तर हा त्रास कायमचा मिटतो.

पुढच्या साखळीत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. हम गेला तर चार्जर, इंटरफेस आणि पेडलांचा अडॅप्टर यांच्यात ग्राउंडचं वेटोळं तयार झालंय. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. तरीही राहिला तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला चालेल असा करणारी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा. वीज गेली आणि घर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असेल, तर रेकॉर्डिंग थांबवलेलंच बरं.

थ्री-पिन प्लगची अर्थची पिन कापणं किंवा टेपने झाकणं हा उपाय कोणीही सुचवला तरी करू नका. तारांना तुमचा हात लागलेला असतो आणि कुठे बिघाड झाला तर ती पिनच तुम्हाला वाचवते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत किंवा वाशी-नेरुळच्या सिडकोच्या जुन्या घरांत सॉकेटला तीन भोकं दिसतात म्हणून अर्थिंग असेलच असं गृहीत धरू नका. वायरमनला बोलावून तपासून घ्या. गिटारसाठी म्हणून नाही, घरासाठी म्हणून.

सगळ्या पेडलांना एकच अडॅप्टर चालेल का?

अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन यांना चालतं, ती मोजकेच मिलिअँपिअर घेतात. डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब त्याच माळेत आलं की बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, कारण त्यातल्या प्रोसेसरचा कचरा सामाईक वायरीतून बाकीच्यांत शिरतो. अशा पेडलला वेगळा अडॅप्टर द्या, किंवा प्रत्येक आउटपुट खरोखर आयसोलेटेड असलेला पॉवर सप्लाय घ्या.

अडॅप्टर घेताना त्यावरची छोटी आकृती नीट बघा: मधोमध ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हींना जोडलेली अधिक-उणे चिन्हं. बहुतेक गिटार पेडलांना ९ व्होल्ट डीसी आणि ठिपक्याकडे उणे हवं असतं. वायफाय राउटर आणि सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुतेक वेळा उलटे, ठिपक्याकडे अधिक असलेले असतात आणि पिन मात्र त्याच मापाची. घरात पडलेला म्हणून लावला तर पेडल जळू शकतं. लॅमिंग्टन रोडला अडॅप्टर घ्यायला जाणार असाल तर पेडलच सोबत न्या आणि दुकानदाराला त्यावरची आकृती दाखवा. अँपिअरचा आकडा पेडलला लागतो त्याहून जास्त असला तर चालतो, कमी असून चालत नाही. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत.

माझ्या मल्टिइफेक्टला यूएसबी आहे. वेगळा इंटरफेस लागेल का?

बॉस जीटी-१ किंवा लाइन ६ एचएक्स स्टॉम्प यांसारखी यंत्रं यूएसबीने जोडली की स्वतःच इंटरफेस होतात. कंपनीचा ड्रायव्हर टाका आणि सॉफ्टवेअरमध्ये तेच उपकरण निवडा. गाणं गायचंय, माइक लावायचाय, तर वेगळा इंटरफेस सोयीचा पडतो. काही मल्टिइफेक्टांचं यूएसबी फक्त पॅच बदलण्यासाठी असतं, त्यातून ऑडिओ जात नाही. तेवढं विकत घेण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा. विंडोजवर असिओ (रेकॉर्डिंगसाठी वापरतात त्या प्रकारच्या) ड्रायव्हरने एका वेळी एकच उपकरण चालवता येतं, दोन्ही एकत्र वापरायच्या नादात वेळ घालवू नका. मल्टिइफेक्टचं लाइन आउटपुट इंटरफेसला देणं सरळ आहे.

स्टिरिओ डिले रेकॉर्ड करायचाय. कसा?

डाव्या आउटपुटमधून एक केबल पहिल्या इनपुटला, उजव्यामधून दुसरी केबल दुसऱ्याला, दोन्हींचा गेन सारखा. बास.

इथे एक फसवणारी जोडणी आहे. मल्टिइफेक्टच्या हेडफोन जॅकमधून एकाच स्टिरिओ केबलने इंटरफेसच्या बॅलन्स्ड लाइन इनपुटला दिलं, तर इंटरफेस डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक तेवढा घेतो. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं, म्हणजे मुख्य गिटार, एकमेकांना खोडून जातं आणि नुसता डिले-रिव्हर्बचा धूर उरतो. ‘गिटार लांब कुठेतरी वाजतेय’ अशी तक्रार असेल तर आधी ही केबल तपासा.

वाजवलं की आवाज उशिरा येतो.

बफर कमी करा. हा पेडलमधला बफर नव्हे; लॅपटॉप आवाज ज्या छोट्या तुकड्यांत हाताळतो त्या तुकड्याचा आकार, तो सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये असतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७. जाताना एकदा आणि येताना एकदा धरा, शिवाय ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा थोडा वेळ. हवेत आवाज एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलात तरी ९ मिलिसेकंद जातातच. १० च्या आत असाल तर बहुतेकांच्या बोटांना कळत नाही. वाजवताना बफर ६४ किंवा १२८, मिक्स करताना ५१२. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा असिओ ड्रायव्हरच वापरा. आवाज पेडलांमध्येच पूर्ण बनत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (लॅपटॉपमध्ये न जाता आवाज थेट हेडफोनला देणारं) चालू करा, उशिराचा प्रश्नच संपतो. मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येईल.

आधी साधी गिटार रेकॉर्ड करून नंतर पेडलमधून काढता येते का?

येते, आणि हे प्रत्येकाने शिकावं असं मला मनापासून वाटतं. टेक घेताना गिटार आधी डीआय बॉक्सला द्या. त्याच्या थ्रू जॅकमधून पेडलांकडे जा आणि एक्सएलआर, म्हणजे माइकसारख्या तीन पिनांचं, आउटपुट इंटरफेसच्या माइक इनपुटला लावा. एका ट्रॅकवर पेडलांचा आवाज, दुसऱ्यावर कोरडी गिटार. वाजवणं मनासारखं झालं आणि दोन महिन्यांनी डिस्टॉर्शन नको वाटलं, तर तेच वाजवणं हातात असतं.

कोरडा ट्रॅक परत पेडलांत पाठवायचा तर इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून रिअ‍ॅम्प बॉक्समध्ये, तिथून पेडलांत, आणि तिथून पुन्हा इन्स्ट इनपुटला. व्यावसायिक लाइन पातळी, म्हणजे अधिक ४ डीबीयू, १.२३ व्होल्टची असते आणि ती गिटारच्या नेहमीच्या सिग्नलपेक्षा बरीच मोठी आहे. रिअ‍ॅम्प बॉक्स ती पातळी खाली आणतो आणि पेडलला समोर पिकअप असल्यासारखं भासवतो. बॉक्स नसेल तर सॉफ्टवेअरमधून आउटपुट बरंच खाली ओढूनही काम भागतं, फझ सोडून. परत येणाऱ्या ट्रॅकचं मॉनिटरिंग त्याच आउटपुटला जाऊ देऊ नका, वर्तुळ पूर्ण होऊन किंकाळी फुटेल. चार आउटपुटचा इंटरफेस असेल तर हे सगळं फार सोपं होतं.

अ‍ॅम्पच्या स्पीकर आउटपुटमधून इंटरफेसला दिलं तर?

कधीच देऊ नका. इंटरफेस जळेल. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प असेल तर स्पीकर काढल्यामुळे त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. लाइन आउट, रेकॉर्डिंग आउट किंवा लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी लावायची पेटी), यांतलं काहीतरी वापरा.

४८ व्होल्टचं फँटम बटण चालू राहिलं तर पेडलला धोका आहे का?

पाव इंची जॅकमधून फँटम, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारी वीज, जात नाही, तो एक्सएलआरमधूनच जातो. मल्टिइफेक्टचं एक्सएलआर आउटपुट वापरत असाल तर मात्र बटण बंद करून मगच केबल लावा.

अकूस्टिक गिटारला पिकअप आहे. भावगीतांच्या साथीला रेकॉर्ड करायची आहे.

गिटारच्या कुशीवर नॉब आणि बॅटरी असेल तर आत प्रीअ‍ॅम्प आहे, इन्स्ट किंवा लाइन काहीही चालेल. नुसता पिएझो (तारांचं कंपन दाबावरून टिपणारा पिकअप) असेल तर इन्स्टच, आणि त्यातही थोडा पातळ वाजेल. पण साथीच्या नाजूक वाजवण्याला पिएझोचा कोरडा आवाज शोभत नाही. बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर कंडेन्सर माइक ठेवा आणि पिकअप आधाराला घ्या.

मी खारघरला राहते. मुलगा बारावीनंतर गिटार मनावर घेतोय, अ‍ॅम्प मागतोय. शेजारी ओरडतील. काय घेऊन द्यावं?

ताई, एक इन्स्ट इनपुट असलेला साधा इंटरफेस आणि बंद कपांचे चांगले हेडफोन घेऊन द्या. अ‍ॅम्प सिम्युलेशन त्याला लॅपटॉपवर फुकट मिळेल. रात्री १० ते सकाळी ६ ही नियमाने शांततेची वेळ आहे, आणि कॉलेज-क्लास आटोपून गिटार हातात घ्यायला मुलांना नेमकी तीच वेळ मिळते. हेडफोनवर तो मनसोक्त वाजवेल. पेडल त्याला हवंय ते सहा महिन्यांनी विचारा, तोवर कुठलं हवं ते त्याचं त्यालाच ठरवता येईल.

पावसाळ्यात जॅक खरखरतात.

खाडीकाठची दमट हवा. ऐरोली, कोपरखैरणे, कोलशेत इकडे तर भिंतीसुद्धा ओल धरतात. केबलचा जॅक सुती कापडाने पुसा, इनपुटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून जॅक दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. नॉब खरखरत असेल तर तोही शेवटपर्यंत फिरवत राहा. गंज काढायचं घरातलं तेल वापरू नका, त्यावर धूळ चिकटून बसते. पेडलं झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी चालू करून वाजवा.

रेकॉर्डिंग फक्त डाव्या कानात ऐकू येतं.

सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचा इनपुट स्टिरिओ निवडलाय आणि गिटार पहिल्या इनपुटलाच आहे. तो मोनो, इनपुट १ असा करा. डायरेक्ट मॉनिटरमध्येही तसंच होत असेल तर इंटरफेसवर किंवा त्याच्या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये मोनो-स्टिरिओचा पर्याय शोधा आणि मोनोवर टाका. आधी झालेला टेक वाया गेलेला नाही. त्याचा फक्त डावा चॅनल मोनो करून घ्या.